अल्बम ‘प्रायोगिक’ की ‘प्रयोगशील’?

मालवणहून एका वाचकाने विचारलंय: आवडत्या इंडी रॉक गीतकार-गायकाने नव्या अल्बममध्ये गिटार बाजूला ठेवून सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य) आणि ड्रम मशीन घेतली. याला ‘प्रायोगिक’ म्हणायचं की ‘प्रयोगशील’?

माणूस प्रयोगशील. अल्बम नव्या बाजाचा. ‘प्रायोगिक’ मात्र नको, आणि हल्ली तेच कानावर आदळतं. प्रायोगिक तत्त्वावर बसची फेरी सुरू करतात. चालली तर ठेवायची, नाहीतर बंद. जीव ओतून पुरं केलेलं काम असं चाचणीवर सोडलेलं नसतं.

‘प्रायोगिक रंगभूमी’ चालते, मग ‘प्रायोगिक संगीत’ का नको, असं नाट्यसमीक्षक विचारतात. मला हा युक्तिवाद साफ अमान्य आहे. 1970च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत या नावाखाली झालेली नाटकं मोलाचीच. पण ज्याचे मोजके प्रयोग झाले ते प्रायोगिक आणि ज्याचे हजार झाले ते नव्हे, ही कुठली व्याकरणाची रीत? शाकुंतलातला सूत्रधार ‘प्रयोगविज्ञान’ म्हणतो ते सादर करण्याचं कसब. आपल्याकडे जत्रेत रात्रभर दशावताराचा ‘प्रयोग’ होतो. त्याला छापील संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद उभ्याउभ्या सुचतात, पेटी-पखवाज सांभाळून घेतात. तिथे सादरीकरण आणि नवं करून पाहणं वेगळं काढताच येत नाही.

आता खरी गंमत. प्रयोग म्हणजे प्र + युज्. ऋग्वेदात प्र-युज् म्हणजे रथाला घोडे जुंपणं. याच युज् धातूचं ‘युग’, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जोखड, आणि त्याचंच आपलं ‘जू’. ‘योक्त्र’ म्हणजे जुंपायचा पट्टा. त्यातून ‘जोत’ आलं. नांगरटीच्या दिवसांत तळकोकणात जोत कुणाचं, बैल कुणाचे, हीच चर्चा असते. नवखा पाडा, म्हणजे तरणा बैल, जुंपायचा तर त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला देतात. पाडा आडवातिडवा ओढतो, जुना बैल त्याला नांगराच्या तासात, म्हणजे सरळ रेघेत, ठेवतो. ‘करून पाहणे’ हा प्रयोगाचा अर्थ इथूनच आला असं माझं ठाम मत आहे. ‘वापर’ या अर्थापाशी थांबणाऱ्या संस्कृतच्या शिक्षकांनी एकदा शेताच्या बांधावर उभं राहावं.

अमेरिकी इंडी गीतकार-गायक सुफियान स्टीव्हन्सचंच घ्या. 2005च्या ‘इलिनॉय’मध्ये बँजो होता, 2010च्या ‘दी एज ऑफ ॲड्झ’मध्ये इलेक्ट्रॉनिक गदारोळ. लोक चकित झाले. पण 2001मध्येच त्याने ‘एन्जॉय युअर रॅबिट’ हा अख्खा इलेक्ट्रॉनिक अल्बम केला होता. म्हणजे यंत्रांचा बैल त्याच्या गोठ्यात आधीपासून होता. 2010मध्ये त्याने तो आपल्या गाण्याच्या जोडीला जुंपला.