गाडी येते, पण टेस्टला पाय टेकतोच

"मॅडम, गाडी मला येते. घराजवळच्या ग्राउंडवर आठ पण निघतो. पण टेस्टला साहेब समोर उभे राहिले की हातपाय गळतात आणि पहिल्याच वळणावर पाय खाली जातो. दोनदा फेल झालेय. आता एजंटला पैसे देऊन लायसन्स काढून घेऊ का?"

बीएस्सी करणाऱ्या एका मुलीचा हा मेसेज. (दुचाकीच्या लायसन्सच्या टेस्टला आरटीओच्या साहेबांसमोर इंग्रजी 8 च्या आकारात, पाय खाली न टेकता गाडी फिरवून दाखवायची असते, तोच हा आठ.) शब्द बदलून असा प्रश्न मला कायम येतो, आणि फक्त मुलींकडून येतो असं अजिबात नाही बरं का, उलट पुरुषांना हा त्रास झाला की ते कुणाला सांगतच नाहीत. म्हणून तिला उत्तर देताना माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका दादांची केस सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

दादा पस्तिशीचे, खेड्यातले. रोज पहाटे मोटरसायकलच्या दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जायचं, पावसाळ्यात चिखल असो नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला रस्ता, दूध कधी सांडलं नाही. गावात कुणाची नवी गाडी आली की पहिली चक्कर मारायला यांना बोलवतात असा माणूस. आणि लायसन्स? कधी काढलंच नाही. आपल्याकडे असे लोक गावोगावी आहेत, २०१९ ला कायदा बदलला, त्यात विनालायसन्स गाडी चालवायला पाच हजाराचा दंड झालाय तरी "आपल्याला कोण पकडतंय" चालूच असतं. दादांना मात्र कुरिअरचं काम मिळत होतं आणि तिथं अट एकच, लायसन्स पाहिजे. मग आधारवरून घरबसल्या ऑनलाइन टेस्ट देऊन लर्निंग काढलं, ते पटकन झालं. तीस दिवस झाल्यावर स्लॉट घेऊन पक्क्या लायसन्सच्या टेस्टला गेले आणि पाय टेकला, फेल. दुसऱ्यांदा गेले, परत तेच.

पण माझ्याकडे ते हे सांगायला आलेच नव्हते. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डॉक्टरांनी ईसीजी काढला तो नॉर्मल, म्हणून वहिनींनी पाठवलं होतं. मी विचारलं हे कधीपासून, तर इकडचं तिकडचं बोलत राहिले, आणि मग उठता उठता म्हणाले, "तसं काही नाही, ते लायसन्सचं जरा अडकलंय." तिथं मला धागा सापडला. घरी पहिल्यांदा सांगितलं होतं सर्व्हर डाऊन होता, दुसऱ्यांदा सांगितलं गर्दी होती नंबरच लागला नाही. वडील रोज संध्याकाळी विचारणार "आलं का रे लायसन्स", कट्ट्यावरची पोरं विचारणार, मग दादांनी कट्ट्यावरनं जायचंच बंद केलं, मागच्या रस्त्यानं घरी यायला लागले. झोप उडाली होती ती टेस्टपेक्षा या थापा सांभाळण्यापायी.

नीट बघितलं तर त्यांना पडायची भीती नव्हतीच. भीती होती ती गावात कळलं तर काय, एवढा गाडीवाला आणि याला आठ काढता येईना. माझा अनुभव असा की नवशिक्याला फेल व्हायची लाज त्या मानानं कमी वाटते, ज्याचं नाव आहे तोच जास्त अडकतो.

मी त्यांना दुसरी टेस्ट परत सांगायला लावली, एकदम सावकाश, गेटमधून आत गेल्यापासून. किती वाजता पोचलात, काय खाल्लं, रांगेत असताना कुणाकडे बघत होतात, गाडीवर बसल्यावर नजर कुठं होती. हे सगळ्यात महत्त्वाचं काम असतं आणि लोकांना ते फालतू वाटतं. तर त्यातून निघालं काय, सकाळी पोटात नुसता चहा. रांगेत उभं राहून दोनदा तंबाखू मळली, "डोकं शांत व्हावं म्हणून". आता तंबाखूतल्या निकोटिननं हृदयाचे ठोके वाढतात, म्हणजे आधीच धडधडतंय त्यात अजून भर, आणि हे म्हणतात शांत व्हायला खाल्ली. दोन तास उन्हात उभे राहून पुढच्या प्रत्येकाचा पाय कसा टेकतो ते बघत होते. आणि हेल्मेट! गावात आयुष्यात कधी हेल्मेट घातलं नाही, टेस्टला मित्राचं उसनं आणलं, ते ढिलं, काच खाली आलेली, बाजूचं धड दिसेना आणि कानात स्वतःचाच श्वास. एवढ्या वर्षांत जी गाडी नुसत्या आवाजावर चालवली तिचा आवाजच वेगळा येत होता. मी म्हटलं दादा, ह्यात भीती किती आणि हेल्मेट किती हे आधी वेगळं करूया.

मग गाडीचा भाग. मला गाडीतलं फार कळतं असा माझा दावा नाही, पण आमच्या ओळखीचे एक ड्रायव्हिंग स्कूलवाले काका आहेत, त्यांच्यासमोर दादांना एक चक्कर मारायला लावली. काकांनी लगेच ओळखलं. रस्त्यावर गाडी स्लो झाली की आपण सगळेच दोन्ही पाय खाली सोडून पाय घासत पुढं जातो, खड्डा आला की पाय, गर्दी आली की पाय, ती एवढ्या वर्षांची सवय आहे, आणि टेस्टमध्ये नेमकं तेच चालत नाही. शिवाय घाबरले की दादा क्लच पूर्ण दाबून टाकायचे. क्लच पूर्ण दाबला की मागच्या चाकाला जोर मिळत नाही, गाडी नुसती घरंगळते, वळणात असली की कलायला लागते, आणि मग पाय जाणारच, तुमची इच्छा असो नसो. काकांनी सांगितलं ते असं, पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला आणि तिथंच धरायचा, रेस एकसारखी, वेग आवरायचा तो मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवून, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक चुकूनही नाही, गुडघे टाकीला, आणि मान वळवून पुढच्या वळणाकडे बघायचं. जिथं बघाल तिथं गाडी जाते. दादा बघत होते पुढच्या चाकाकडे, नाहीतर साहेबांच्या बुटांकडे.

म्हणजे "गाडी येते" हे खरं होतं पण पूर्ण खरं नव्हतं. पन्नासच्या स्पीडची गाडी येत होती, चालत्या माणसाच्या स्पीडची येत नव्हती. हे ऐकून त्यांचा चेहरा आधी पडला, नंतर मोकळा झाला, कारण आपल्यातच काहीतरी बिघडलंय असं वाटण्यापेक्षा एक गोष्ट शिकायची राहिलीय हे बरं वाटतं.

आता "पाय टेकायचा नाही, पाय टेकायचा नाही" याबद्दल. दादा गाडीवर बसल्यापासून मनात हेच घोकत होते, तुम्ही पण घोकत असाल. डॅनियल वेग्नर नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग छापला, लोकांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढं १९९८ च्या एका अभ्यासात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना गोल्फचा चेंडू मारायला लावला, खुणेच्या पुढं जाऊ देऊ नका असं बजावलं आणि सोबत एक आकडा लक्षात ठेवायला सांगून डोक्याला काम लावलं, तर चेंडू जास्तच पुढं जायला लागला. टेस्टच्या वेळी डोक्यात साहेब असतात, रांग असते, वडील असतात, डोकं आधीच भरलेलं, त्यात "पाय नाही" म्हटलं की शरीराला फक्त पाय ऐकू येतो. म्हणून आम्ही काय करायचं नाही ते वाक्यच काढून टाकलं. त्याऐवजी दादांनी स्वतःचे दोन शब्द ठरवले, "पुढचं वळण". ते मोठ्यानं म्हणायचे, हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय.

आणि मग खरी तयारी. लोक काय करतात, फेल झाले की एकटेच पहाटे जाऊन अजून पन्नास वेळा आठ काढतात. एकट्यानं आठ तर निघतच होता हो! जिथं अडतं ती गोष्ट म्हणजे कुणीतरी बघणं, तर सराव बघण्याचा पाहिजे. शाळा सुटल्यावर ग्राउंडवर फक्कीनं आठ आखला, स्वतःचं मापाचं आयएसआय हेल्मेट घेतलं आणि दुधाच्या फेरीला पण तेच घालायचं असं ठरलं. सुरुवातीला एकटे. नीट जमायला लागल्यावर वहिनी बाजूला उभ्या. मग मेव्हणा, तो हातात वही घेऊन आणि तोंड वाकडं करून. त्या दिवशी पाय दोनदा गेला, धडधड झाली, आणि मी आधीच सांगून ठेवलं होतं की धडधड झाली तर थांबायचं नाही, श्वास आत घेतला त्यापेक्षा सावकाश सोडायचा आणि परत आठात शिरायचं, धडधडतच. भीती गेल्यावर चालवू म्हणाल तर ती कधीच जाणार नाही. शेवटी कट्ट्यावरची पोरं बोलावली, हे दादांना सगळ्यात जड गेलं, दोन आठवडे टाळलं. कारण पोरांना बोलवायचं म्हणजे फेल झालोय हे सांगायला लागणार.

त्याच्या आधी ते घरी बोलले होते, वहिनींना पहिलं. वहिनी म्हणाल्या मला माहितीच होतं, आधी सर्व्हर, मग गर्दी, असं कुठं असतं का. वडील दोन दिवस गप्प होते, मग त्यांनीच विषय काढला की त्यांनी ट्रॅक्टरचं लायसन्स काढलं तेव्हा ते सुद्धा एकदा परत आले होते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

एक कागद पण आम्ही केला, तिसऱ्यांदा फेल झालो तर नेमकं काय होईल. दादांच्या डोक्यात होतं सगळं संपलं. कागदावर आलं ते असं, फेल झाल्यावर सात दिवसांनी परत टेस्ट देता येते, टेस्टची फी एका प्रकारच्या गाडीला तीनशे रुपये. तीनदा फेल झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंग सहा महिनेच चालतं, तर तारखा बघून स्लॉट घ्यायचा. फार तर लर्निंग परत काढावं लागेल, दीडशे रुपये फी आणि पन्नास त्या टेस्टचे. कुरिअरचं काम हातचं जाईल ही खरी भीती होती, ती मी उडवून लावली नाही, त्यावर ते कंपनीतल्या माणसाशी बोलले आणि तोवर थांबायला तो तयार झाला. बाकीचं सगळं काही शेच्या घरातलं निघालं. (याच कागदाच्या निमित्तानं कळलं की दादा लर्निंगवर पोराला मागं बसवून शाळेत सोडतात. लर्निंगवर मागं शिकवणारा, पक्कं लायसन्स असलेला माणूसच चालतो, आणि पुढंमागं लाल एल पाहिजे. हे मी जरा रागावूनच सांगितलं.)

तिसऱ्या टेस्टच्या दिवशी पोटभर भाकरी खाऊन गेले, तंबाखूची पुडी वहिनींनी काढून घेतली, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आदल्या रात्रीच डिकीत. रांगेत ट्रॅककडे पाठ करून उभे राहिले. धडधड झालीच म्हणाले, हात पण थरथरले, दुसऱ्या वळणात गाडी जरा लचकली आणि पाय सुटणार तेवढ्यात मान वळवली. पास. बाहेर आल्यावर पहिला फोन मेव्हण्याला.

आता एजंटचं. फॉर्म भरायला, स्लॉट घ्यायला कुणाची मदत घेतली तर हरकत नाही, सारथी या सरकारी पोर्टलवर तेही स्वतःला जमतं. पण टेस्टच न देता लायसन्स हे मी कुणालाच सांगणार नाही. कायद्याचं तर आहेच, पण टाळून सुटलेली भीती पुढच्या वेळी अजून मोठी होऊन येते, आज साहेब, उद्या चौकात मागनं हॉर्न देणारा ट्रकवाला, तिथं कुठला एजंट येणार?

आणि बाळा, तुझं दादांसारखंच असेल असं धरून चालू नकोस. आधी हे बघ की हेल्मेट घालून, ज्या गाडीवर टेस्ट देणार त्याच गाडीवर, एकटीनं काढलेल्या दहा आठांतले नऊ तरी नीट निघतात का. निघत नसतील तर माझी गरज नाही, एखादी चांगली ड्रायव्हिंग स्कूलवाली ताई गाठ. निघत असतील आणि लोक बघताना अडत असेल तर वरचं सगळं तुझ्यासाठी आहे, मैत्रिणींपासून सुरू कर, सगळ्यात खडूस काकांपर्यंत जा. पण पूर्वी कधी अपघात झालेला असेल, गाडीवर बसल्यावर तेच डोळ्यासमोर येत असेल, किंवा टेस्ट नसतानाही अशी धडधड होऊन गुदमरल्यासारखं होत असेल, तर ग्राउंडवर स्वतःला ढकलत बसू नकोस, आधी मला फोन कर. आणि तुला भाऊ शिकवतोय असं लिहिलंयस, तो ओरडतो असंही लिहिलंयस. त्याला सांग आठवडाभर तोंड बंद ठेवून नुसतं उभं राहायचं, हातात वही घेऊन.