पथ्य सांगतेस, तसं ते कधी सुटणार तेही सांग

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

रेडिएशनच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ म्हणून तुझी नेमणूक झाली आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचे पेशंट तुझ्याकडे आले, हे वाचून बरं वाटलं. तुमच्याकडचा आहाराचा छापील कागदही पाहिला. पालेभाजी बंद, कोशिंबीर बंद, मोड आलेली कडधान्यं बंद, आणि हे सगळं पहिल्या दिवसापासून. असे कागद बऱ्याच ठिकाणी असतात. माझा राग एवढाच की ‘बंद’ कधीपासून आणि कधीपर्यंत, हे त्यात कुठेच नाही.

पथ्य कडक पाळण्यात आपल्या माणसांचा हात कोणी धरणार नाही. माझ्याकडे एक आजोबा आले होते, उपचार दुसरीकडे झालेले. लाइट, म्हणजे रेडिएशन, संपून निम्मं वर्ष उलटलं तरी सकाळी पेज, दुपारी मऊ भात, रात्री पुन्हा मऊ भात. पोट केव्हाच ताळ्यावर आलेलं. हातात घड्या पडून फाटलेला कागद, वर आजींनी चिकटपट्टी लावलेली. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. ‘भाकरी खाऊ का हो आता?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. इतके महिने त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आधी काळाचा हिशोब पक्का कर. प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते, लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. मशीन कितीही अचूक असलं तरी या भागांना थोडा डोस लागतोच, पण परिणाम लगेच दिसत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लघवीला जळजळ, घाई, बारीक धार, रात्री सारखं उठणं सुरू होतं. काहींना पातळ शौच, शेंब पडणं, पोट साफ होऊनही कुंथावंसं वाटणं. उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे हे वाढू शकतं, मग हळूहळू उतरतं. बहुतेकांचं महिना-दोन महिन्यांत निवळतं, काहींना जास्त लागतात.

पूर्वी हा कोर्स साडेसात-आठ आठवडे चालायचा. 2016 मध्ये ब्रिटनच्या ‘चिप’ चाचणीचे निकाल आले, 20 बैठकांत 60 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) दिले तरी चालतं असं दिसलं, आणि आता चार आठवड्यांचा कोर्स सर्रास झाला. काही निवडक पेशंटांना तर पाचच बैठका. सोय मोठी झाली, विशेषतः दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहून उपचार घेणाऱ्यांची. पण यातली गोम बघ: त्रास ऐन भरात येतो तेव्हा माणूस गावी पोचलेला असतो. तू समोर नसतेस. म्हणून शेवटच्या बैठकीच्या दिवशी त्याला पाच मिनिटं बसवून घे आणि ‘घरी गेल्यावर थोडं वाढेल, घाबरू नका’ हे स्वतःच्या तोंडाने सांग. लघवी तुंबली, ताप आला किंवा रक्त पडलं तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचा, हेही.

आता चोथ्याचं, म्हणजे फायबरचं. सगळ्यांचा चोथा सरसकट तोडायचा, ही जुनी रीत. 2017 मध्ये लंडनच्या रॉयल मार्सडेनमधला एक अभ्यास आला. ओटीपोटावर रेडिएशन चालू असताना ज्यांनी जास्त चोथा खाल्ला, त्यांच्या पोटाची अवस्था नेहमीचं खाणाऱ्यांपेक्षा कमी बिघडली. ते पेशंट स्त्रियांच्या आणि आतड्याच्या कॅन्सरचे होते, प्रोस्टेटचे नव्हेत, म्हणून मी त्यावरून नवा नियम करणार नाही. पण शौच नीट होत असलेल्या माणसाची भाकरी काढून घ्यायला मला तरी कारण दिसत नाही.

शौच पातळ झाली की मग मऊ भात, मुगाची खिचडी, साल काढलेला दुधी किंवा पडवळ, केळं, ताक. दुधाने गुडगुडत असेल तर दूध थांबव, दही-ताक बहुतेकांना चालतं. तिखट, तळण, दारू नको, चहा-कॉफी कमी. जुलाब जास्त असतील तर ओआरएस. आणि शौच बांधून होऊ लागली की उलट वाटेने परत यायचं: आधी शिजवलेली पालेभाजी, मग भाकरी, मग मुगाची उसळ, सगळ्यात शेवटी कच्ची कोशिंबीर. प्रत्येक पदार्थाला दोन-तीन दिवस द्यायचे. हा परतीचा रस्ता कागदाच्या मागे पेनाने लिहून देत जा.

वाटाणे, छोले, फ्लॉवर, सोडावॉटर टाळायचं कारण वेगळं आहे आणि ते पेशंटला समजावलंस तर तो ऐकतो. गुदाशयात गॅस किंवा मळ साठला की प्रोस्टेट जागेवरून सरकते. टेबलावर घेतलेल्या माणसाला टेक्निशियन खाली उतरवतात, ‘पोट साफ करून या’ म्हणतात, आणि त्याचा दिवस जातो. बद्धकोष्ठ म्हणूनच जुलाबाइतकंच त्रासदायक. मूत्राशय मात्र भरलेलं हवं असतं, त्यासाठी ठरलेलं पाणी पिऊन थांबायला लावतात.

पाण्यावरून आठवलं. लघवी जळजळते म्हणून पुरुष पाणी तोडतात, प्रवासात तर हमखास. लघवी दाट झाली की आग वाढते. दिवसा भरपूर प्यायचं, झोपायच्या दोन-तीन तास आधी कमी करायचं. हृदयाचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचार. धार मोकळी व्हायला गोळी दिलेली असेल तर रात्री उठताना चक्कर येऊ शकते, आधी पलंगावर बसा मग उभे राहा, म्हणून सांग.

हे सगळं कळायला आधी त्यांनी बोलायला हवं. आपल्या मुलीच्या वयाच्या पोरीला शौचाचं काय सांगायचं, असं तुझ्यासमोर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला वाटतं. ‘त्रास काही नाही’ म्हणून ते छताकडे बघतात. मागे उभी असलेली बायको चार बोटं दाखवते: रात्रीतून चारदा. म्हणून ‘त्रास आहे का’ असं विचारूच नकोस. ‘रात्री किती वेळा उठता, शौचाला किती वेळा जाता, चड्डीला डाग पडतो का’ असं सरळ विचार, भाजीचा भाव विचारावा तसं. स्वयंपाक करणारं माणूस समोर हवंच, पण एकदा त्यांना एकट्यालाही भेट. ताठरता कमी होणं हा परिणाम बराच उशिरा दिसतो आणि बायकोपुढे निघत नाही. तो तुझा विषय नसला तरी डॉक्टरांकडे पाठवणं तुझ्या हातात आहे.

गव्हांकुर, गुळवेल, लक्ष्मणफळाचा पाला, कुठल्यातरी पावडरी, पिशवीतून सगळं निघेल. हसू नकोस, रागावू नकोस. रेडिएशन चालू असेपर्यंत जादा डोसच्या गोळ्या-पावडरी बंद, असं ठाम सांग. ‘व्हिटॅमिन आहे, नुकसान काय?’ असं कुणी म्हणालं तर अमेरिकेतल्या ‘सिलेक्ट’ चाचणीचं सांग: रोज 400 युनिट ई व्हिटॅमिन घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्के जास्त आढळला. 2011 चा निकाल आहे.

हार्मोनचं, म्हणजे पुरुषी हार्मोन कमी करणारं, इंजेक्शन चालू असलेल्यांची फाइल वेगळी ठेव. अंगातून वाफा येतात, पोट सुटतं, स्नायू झडतात, हाडं विरळ होतात, साखर वाढते. लाइट महिन्यात संपते, इंजेक्शन काहींना दोन-तीन वर्षं चालतं. मऊ भातावर अडकलेला माणूस इथे खरा मार खातो. अंडं, मासे, डाळ, दही, नाचणी रोज काही ना काही पोटात जायला हवं, आणि नुसतं चालणं पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस करायला लाव.

एक शेवटचं. वर्षा-दोन वर्षांनी शौचातून रक्त पडलं तर घरचे मूळव्याध समजून बसतात. कधी ते रेडिएशनमुळे नाजूक झालेल्या अस्तरातून येतं, कधी कारण वेगळंच असतं, म्हणून तपासणी हवीच. पण दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना ‘प्रोस्टेटची लाइट झाली आहे’ हे आधी सांगायचं, कारण तिथला तुकडा काढला तर जखम भरायला अवघड जाते. फाइल सोबत न्यायला सांग. मुलगा नेणार असेल तर त्याच्या फोनमध्ये पहिल्या पानाचा फोटो काढून ठेवायला लाव.

तुझी,
ताई