फेलोशिप आधी की मेंटॉर आधी?

ताई, तुमचा प्रश्न असा: मायक्रोबायोलॉजीत पीएचडी, काम जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर म्हणजे फाजवर. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि ७ वर्षं प्रयोगशाळेत पाऊल नाही. वय ३९, सोलापूर सोडणं शक्य नाही, तर कुठली फेलोशिप भरू? मी स्वतः ५ वर्षांच्या खंडानंतर परत आलेय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी वयाचं बघू, कारण तिथे घाई आहे. नॅशनल पोस्ट डॉक्टोरल फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतरची, पूर्वी सर्ब (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) द्यायचं, आता ते काम अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आहे. तिची वयोमर्यादा ३५, महिलांना ५ वर्षांची सूट. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम एक संधी. पण तिच्यासाठी जीव टाकू नका. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण योजना बायकांसाठीच आहे, खंड पडलेल्यांनाही तिचा उपयोग होतो, आणि तिच्यातल्या पीएचडीनंतरच्या फेलोशिपला (वाईज-पीडीएफ) ६० वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर २०११ पासूनची, तीही महिला शास्त्रज्ञांसाठीच. कॉल कधी उघडेल, म्हणजे अर्ज कधी मागवतील, ते विभागाच्या वेबसाइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ फायली बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या असतात. (पीएचडी अजून व्हायची असलेल्यांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारी संस्थांच्या फेलोशिप बघाव्यात. तो वेगळा विषय.)

आता खरं सांगते. यादी करत बसणं हे शेवटचं काम आहे, तुम्ही तेच आधी धरलंय. या बहुतेक अर्जांना मेंटॉर (मार्गदर्शक) आणि यजमान संस्थेचं पत्र लागतं. ते नसेल तर फॉर्म पुढे सरकतच नाही. आणि मेंटॉर मिळतो तो संशोधनाच्या प्रश्नामुळे. मी पहिल्यांदा एका प्राध्यापकांकडे बायोडेटा घेऊन गेले, "मला घ्याल का?" म्हणून. चहा मिळाला, बाकी काही नाही. दुसरीकडे संशोधनाच्या प्रश्नाचा एका पानाचा मसुदा घेऊन गेले, तर दीड तास बसवून घेतलं.

तुमचा प्रश्न तर दारात उभा आहे हो! आपल्याकडे डाळिंबावर तेल्या रोग येतो, मृग बहारात (पावसाळ्यात धरलेल्या) तर हमखास. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे. बागायतदार वर्षानुवर्षं त्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलेत, म्हणजे अँटिबायोटिकच. जिवाणू त्याला दाद देईनासा झाला तर पुढे काय? फाजने तो आटोक्यात येईल का? बागेतल्या मातीतून, रोगट पानांतून फाज वेगळे करायचे, कुठला किती प्रकारच्या झँथोमोनासला मारतो ते तपासायचं, आणि उन्हात पानावर तो किती तास टिकतो ते बघायचं. माझ्या मते खरी मेख या शेवटच्या मुद्द्यातच आहे, अतिनील किरणांनी फाज लवकर मरतात. ३ वर्षांचं काम सहज होतं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, विद्यापीठही तिथेच पुणे रोडला. रिक्षाने जाऊन दोन्ही दारं एका दिवसात ठोठावता येतील. परीक्षकाने "सोलापुरातच का?" विचारलं तर उत्तर आयतंच आहे.

खंड लपवू नका, रडगाणंही नको. "२०१८ ते २०२५ कौटुंबिक जबाबदारीमुळे संशोधनाबाहेर" एवढी एक ओळ पुरे. पण खाली लगेच दिसू द्या की परतीची तयारी चालू आहे: एखादं ताजं वर्कशॉप, नाहीतर जुन्या डेटावरचा छोटा पेपर.

बजेटमध्ये ओव्हरहेड, म्हणजे संस्थेच्या खर्चासाठीची रक्कम, संस्थेला मिळतो. लहान कॉलेजच्या प्रिन्सिपलना हे आवर्जून सांगा, सहीचा वेग वाढतो. तरी सहीसाठी ३ आठवडे धराच. मुदत जानेवारीत असेल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी कागद हलवा, यात्रेत कोण कुठे असेल सांगता येत नाही.

आणि पैशाचं. मंजुरीचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं नाही. माझा पहिला हप्ता ७ महिन्यांनी आला, तोवर केमिकल्स उधारीवर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात "पगार कुठाय?" सुरू होतं.

एका पानाचा मसुदा झाला की इथेच टाका. फाज टिकवण्याच्या भागावर मला बरंच बोलायचंय.