पेटीतला लाकडाचा तुकडा

प्रश्न : माझे आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर पॅलेस्टाईनला गेले होते. तिथून त्यांनी आणलेला बोटभर लाकडाचा तुकडा आमच्या पेटीत आहे. तो प्रभूच्या वधस्तंभाचा अंश आहे, असे घरात मानतात. कॉलेजात शिकणारा मुलगा म्हणतो, की हा खोटा निघाला तर आपला विश्वासही खोटाच. त्याला काय सांगावे?
– एक भगिनी, मिरज

उत्तर : ताई, आपण मिरजेच्या आहात, म्हणून तिथलाच दाखला देतो. जुना तंबोरा सतारमेकरांपुढे ठेवला, तर भोपळा आणि लाकूड पाहून ते त्याच्या वयाचा अंदाज सांगतील. पण अब्दुल करीम खाँसाहेब तोच तंबोरा घेऊन गात होते का, हे लाकूड सांगू शकत नाही. अवशेषांचेही तसेच आहे. इटलीतील ट्यूरिन येथे प्रभू येशूचे म्हणून जपलेल्या कफनाची १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली, तेव्हा ते कापड १२६० ते १३९० या काळातले ठरले. त्या निष्कर्षावर आजही वाद घालणारे आहेत. मात्र काळ पहिल्या शतकाचा निघाला असता, तरी त्यात कोणाचा देह गुंडाळला होता हे त्यावरून सिद्ध झाले नसते. शिवाय कॅथलिक चर्चनेही ते कफन खरे मानणे हा श्रद्धेचा विषय केलेला नाही.

आपला तुकडा बहुधा जैतुनाच्या लाकडाचा असेल, कारण त्या लाकडाचे क्रूस आणि लहानसहान वस्तू बेथलेहेम-यरुशलेमात यात्रेकरूंना पूर्वीपासून विकल्या जातात. (कोणी फसवले असेलच असे नाही, घरात गोष्ट सांगता सांगता वाढते.)

चिरंजीवांना योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचायला सांगा. रिकाम्या कबरेत तागाची वस्त्रे पडलेली शिष्यांनी पाहिली, पण ती कोणी जपून ठेवली असे योहान लिहीत नाही. थोमा या शिष्याने प्रभू पुन्हा उठल्याचा पुरावा मागितला आणि प्रभूने जखमा पुढे केल्या. तरी त्याने बोट घातले असा उल्लेख तिथे नाही, त्याने थेट ‘माझा प्रभू, माझा देव’ असे म्हटले. जुन्या करारातला, मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी सर्प तर निःसंशय अस्सल होता. पण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले.

आपण मात्र तुकडा टाकू नका. ‘आजोबांनी युद्धातून येताना पॅलेस्टाईनहून आणलेले लाकूड’ एवढेच चिठ्ठीवर लिहून ती त्याच कापडात ठेवा.