उंदरात मायोसिन टू-बी आहे, माणसात नाही; म्हणजे आपल्यात ते जनुकच नाही का?

तुम्ही विचारलंय की उंदराच्या पायाच्या स्नायूत मायोसिनचा (स्नायू आखडवणाऱ्या प्रथिनाचा) टू-बी प्रकार भरपूर मिळतो, माणसाच्या पायात मिळत नाही. मग आपल्यात ते जनुकच नाही का, आणि प्राण्याप्राण्यांची अशी तुलना करायची कशी?

जनुक आहे की! आपल्या १७व्या गुणसूत्रावर टू-ए, टू-एक्स आणि टू-बी या मायोसिनच्या वेगवान प्रकारांची जनुकं शेजारी शेजारीच आहेत. फक्त हातापायांच्या स्नायूत टू-बीचं प्रथिन बनत नाही. जनुकाची नक्कल, म्हणजे आरएनए, चिमूटभर सापडतो, त्यावर भुलू नका.

यात मी स्वतः आपटलोय. बेळगावात एमएस्सी करताना उंदराच्या पोटरीशेजारी खानापूरच्या बाजारातलं बकऱ्याचं मटण जेलवर चढवलं; त्यावर मायोसिनच्या प्रत्येक प्रकाराची वेगळी पट्टी दिसते. उंदराच्या चार पट्ट्या आल्या, बकऱ्याची एक कमी. दोन आठवडे मी बफरला शिव्या घातल्या, मधे लाईट गेली की तिलाही. शेवटी सर म्हणाले, "बकऱ्यात टू-बी असतं असं तुला सांगितलं कुणी?" शेळ्यामेंढ्या आणि बैलांच्या अंगाच्या स्नायूत ते सहसा नसतंच. मग मोठ्या जनावरात नसतं असा नियम करावा, तर डुकरात ढीगभर!

जुन्या पुस्तकांनी घोळ आणखी वाढवलाय. त्यांत माणसाच्या काही स्नायूतंतूंना सर्रास टू-बी म्हटलंय, कारण तेव्हा नाव रसायन लावल्यावर तंतूला चढणाऱ्या रंगावरून ठरायचं. तो खरा टू-एक्स निघाला, हे १९९४ साली दाखवलं गेलं. त्यामुळे नाव जुळलं म्हणून दोन प्राण्यांचं प्रथिन एकच समजू नका. आधी सिक्वेन्सवरून, म्हणजे जनुकातल्या अक्षरांच्या क्रमावरून, कुठलं जनुक कुणाचं ते जुळवा. ही जनुकं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की आरएनए मोजताना एकाचे तुकडे दुसऱ्याच्या खात्यात जातात. वेगळेपण बघायचं तर आरएनएचा शेवटचा, प्रथिनात न उतरणारा भाग बघा. उंदरावर चालणारी अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू) बकऱ्यावर चालेलच असंही नाही.

वयही सारखं घ्या. मोठ्या उंदराच्या हृदयाच्या जवनिकेत (खालच्या कप्प्यात) वेगवान अल्फा मायोसिन असतं. ते हृदय मिनिटाला ५००च्या वर ठोके मारतं. आपल्याकडच्या शर्यतीच्या बैलात, आणि शर्यत बघणाऱ्यांतही, मुख्यतः संथ बीटा. पण जन्माआधी उंदरातही बीटाच असतं, नंतर थायरॉइडच्या जोरावर अल्फा येतं. पोटातलं पिल्लू आणि म्हातारा बैल शेजारी ठेवलेत तर दोघे सारखेच दिसतील!

आणि एवढं सगळं जुळवलं तरी उंदराचा संथ तंतू माणसाच्या संथ तंतूपेक्षा बराच वेगाने आखडतो. जनुक तेच, प्रथिनात थोडे अमिनो आम्लांचे फरक. ते आरएनएच्या आकड्यात दिसत नाहीत, तंतू आखडताना त्याचा वेग मोजावा लागतो.