विज्ञानकथांतला संगणक एवढा अवाढव्य का?

प्रश्न : जुन्या इंग्रजी विज्ञानकथांमध्ये संगणक नेहमी इमारतीएवढा असतो. खिशात मावणारा संगणक त्या लेखकांना सुचला कसा नाही? आज नववीच्या मुलांना या कथा सांगण्यात अर्थ आहे का?
— एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : आपले निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक संगणकात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (बल्बसारख्या काचेच्या नळ्या) होत्या आणि त्याचे वजन ३० टनांच्या घरात होते. साहजिकच यंत्राची बुद्धी वाढायची तर त्याचा आकारही वाढला पाहिजे, असे अनेकांनी गृहीत धरले. आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फ्रँचाइझ’ (१९५५) या कथेतला मल्टिव्हॅक नावाचा संगणक अर्धा मैल लांब आहे. तो एकच मतदार निवडून त्याला प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरांवरून साऱ्या देशाच्या निवडणुकीचा निकाल ठरवतो.

पण ‘नेहमी’ हा शब्द मला मान्य नाही. मरे लाइन्स्टर यांची ‘अ लॉजिक नेम्ड जो’ ही कथा १९४६ सालचीच, आणि तिच्यात घरोघरी पडदा व कळा असलेली यंत्रे एका सामाईक माहितीसाठ्याशी जोडलेली आहेत. त्यांपैकी एक यंत्र कुणालाही काहीही सांगू लागते, अगदी पकडले न जाता खून कसा करावा हेसुद्धा. एनिॲकच्या वर्षी हे लिहिले गेले, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

खिशातला संगणकही असिमोव्ह यांच्याच ‘द फीलिंग ऑफ पॉवर’ (१९५८) या कथेत सापडतो. कथेतल्या भविष्यकाळातली माणसे हाताने गणित करणे पार विसरली आहेत. एक साधा तंत्रज्ञ कागदावर १७ गुणिले २३ करून ३९१ हे उत्तर काढतो, तेव्हा बडे अधिकारी थक्क होऊन तळहातावरच्या संगणकावर ते पडताळून पाहतात. मग हीच विद्या ते युद्धासाठी वापरायला निघतात. यंत्राच्या आकारापेक्षा आपण त्याच्या हाती काय सोपवतो, हा या कथांचा खरा विषय आहे.

मुलांना हीच कथा आधी सांगावी आणि तो गुणाकार कागदावर करायला लावावा. पावकी-दीडकीचे (अपूर्णांकांचे) पाढे पाठ असणारे, केळीच्या वजनातून दांड्याची घट वजा करून तोंडी रक्कम सांगणारे आजोबा रावेर-यावलकडे अजून भेटतात, त्यामुळे कथेतले विस्मरण मुलांना परके वाटणार नाही. ‘फ्रँचाइझ’ मात्र निवडणुकांचा धडा चालू असताना घ्यावी. तो निर्णय मतदाराचा की यंत्राचा, यावर मुले स्वतःच वाद घालतील.