चाचे वाढवण्याआधी यानाला माल जाणवू द्या

तुम्ही विचारलंय की अंतराळातल्या सिम्युलेशन गेममध्ये मालवाहतूक ठेवली, पण खेळणारे दोन फेऱ्यांत कंटाळतात, तर वाटेत चाचे वाढवावेत का? माझं मत, आत्ता नको. तुमचं भरलेलं यान आणि रिकामं यान सारखंच उडतं, असं तुम्हीच लिहिलंय. दुखणं तिथे आहे.

मी इंदूरचा. लोहा मंडीत काकांचं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस होतं, शाळेच्या सुट्टीत मी तिथे बिल्ट्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्या, लिहायला बसायचो. ड्रायव्हर लोक लुटालुटीबद्दल क्वचितच बोलत. बोलणं मालाचं असायचं. मुंबईकडे जाताना गणपती घाटाचा उतार भरल्या गाडीने कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, लोखंडी पाइप कसे आवळायचे, आणि तिकडून परतीचं भाडं, म्हणजे येताना आणायला माल, मिळेल का.

अंतराळात वजन जाणवत नसलं तरी वस्तुमान कुठे जात नाही. समजा यान 200 टनांचं, माल 400 टन आणि इंजिनाचा जोर 60 लाख न्यूटन. सेकंदाला 600 मीटर वेगावरून रिकामं यान 20 सेकंदांत, 6 किलोमीटरमध्ये थांबेल. भरलेल्याला 60 सेकंद आणि 18 किलोमीटर लागतील. घाटाच्या ड्रायव्हरला जी धाकधूक असते ती इथून येते. माल एका अंगाला भरला तर गुरुत्वमध्य सरकेल, इंजिनाचा जोर त्यातून जाणार नाही आणि यान सारखं एकीकडे वळू पाहील. मग माल रचणं हाच खेळ होतो. स्टार सिटिझन या अंतराळातल्या गेममध्ये सव्वा मीटरच्या घनाच्या मापात खोकी मोजतात आणि खेळाडू ती स्वतः रचू शकतो, हे मला फार आवडतं. पण शंभर खोकी एकेक करून उचलायला लावू नका. हमाली पैसे देऊन करून घेता यावी, कुठे काय ठेवायचं ते मात्र खेळाडूने ठरवावं.

भाव आणि नफा याबद्दल थोडंच सांगतो. 1984 च्या एलीट या गेममध्ये 100 क्रेडिट (तिथलं चलन) घेऊन निघायचं, स्वस्तात घ्यायचं, महाग विकायचं. तो व्यापार झाला. वाहतुकीत माल दुसऱ्याचा असतो, जबाबदारी आपली. ईव्ह ऑनलाइन या गेमच्या कुरिअर कंत्राटात माल देणारा अनामत मागू शकतो. माल पोचला की ती परत मिळते, नाही पोचला की गेली. बिल्टीवर सही करताना हात जरा थांबतो, तसं काहीतरी तुमच्या गेममध्येही हवं.

परतीचं भाडं मात्र विसरू नका. माल उतरवल्यावर दोन दिवस थांबून भाडं शोधायचं, की इंधन जाळत रिकामं निघायचं? काकांचे निम्मे फोन याच प्रश्नावर असत. अर्धाच माल मिळाला तर तो घ्यावा का, हाही निर्णय खेळाडूला घेऊ द्या.

आधी एकच मार्ग बनवा, जाताना जड, येताना रिकामं, चाचे बंद. कुणालातरी खेळायला बसवा. परतताना यान हलकं झाल्याचं त्याने आपणहून सांगितलं की मगच चाचे सोडा. तोवर त्याला कळलेलं असेल की 400 टन घेऊन पळता येत नाही, आणि माल टाकून द्यायचा तर अनामत जाते.